नायट्रेट गेले, पण गेले कुठे?

पुण्यात एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी गंधकावर जगून नायट्रेटचा नायट्रोजन वायू करणाऱ्या जीवाणूंवर काम केले. थायोबॅसिलस डिनायट्रिफिकन्स हे त्यांतले सर्वांत परिचित नाव. त्यांना अन्न म्हणून सेंद्रिय कार्बन लागत नाही. मुळा-मुठेच्या संगमाजवळून आणलेल्या काळ्या गाळातून थायोसल्फेटवर (गंधकाचे पाण्यात विरघळणारे संयुग) कल्चर, म्हणजे या जीवाणूंची प्रयोगशाळेतली वाढ, तयार करायला मला सहा आठवडे लागले. आयते कल्चर मागवा असे सांगणारे भेटतील, पण स्वतः वाढवलेल्या कल्चरचा स्वभाव जसा कळतो तसा आयत्याचा कळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

फटका बसला तो पुढे. थायोसल्फेटच्या जागी गंधकाची पूड घातली आणि नवव्या दिवशी लिटरमागे 40 मिलिग्रॅम असलेला नायट्रेट-नायट्रोजन (नायट्रेटमधला नायट्रोजन) जवळजवळ शून्यावर आला. मार्गदर्शकांनी आलेख पाहून शाबासकी दिली आणि पुढचे दोन महिने मी त्याच निकालावर प्रयोग रचत गेले. मग प्रयोगशाळेतल्या एका ताईने सहज विचारले, "नायट्राइट बघितलंस का?" नायट्राइट म्हणजे नायट्रेट आणि वायू यांच्या मधला टप्पा. ते असेल तर गुलाबी रंग देणारी सल्फानिलअमाइड आणि एनईडी ही रसायने घालताच परीक्षानळी गडद गुलाबी झाली.

नायट्रेटचा वायू व्हायला प्रत्येक नायट्रोजनमागे गंधकाकडून पाच इलेक्ट्रॉन लागतात. माझ्या बाटल्यांत दोन मिळाल्यावर गाडी नायट्राइटवरच अडली होती. कारण असे, की गंधकाच्या ऑक्सिडीकरणात थायोसल्फेटच्या जवळजवळ दुप्पट आम्ल तयार होते आणि एक मिलिग्रॅम नायट्रेट-नायट्रोजन पूर्ण निघताना, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने, सुमारे साडेचार मिलिग्रॅम अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) खर्च होते. मी मात्र ही क्षमता देणारे बायकार्बोनेट जुन्याच प्रमाणात ठेवले होते, त्यामुळे सामू (पीएच) 6च्या खाली उतरला होता. गंधकापासून बनणारे सल्फेटही तेच सांगत होते: 40 मिलिग्रॅम नायट्रोजन खरोखर वायू झाला असता, तर सुमारे 300 मिलिग्रॅम सल्फेट दिसायला हवे होते, माझ्या वहीत 120च्या आसपास आकडे होते आणि ते मी नायट्रेटच्या आकड्यांशेजारी मांडून पाहिलेच नव्हते.

म्हणून स्पष्ट सांगते: नायट्राइट, सल्फेट आणि सामू मोजल्याशिवाय एकही आलेख कोणाला दाखवू नका, आणि केवळ शेवटचा आलेख पाहणाऱ्या मार्गदर्शकाच्या शाबासकीवर विसंबू नका, कच्ची वही मागणारा मार्गदर्शक मिळाला, तर त्याला सोडू नका.

मात्र असे झाले तर घाबरून कल्चर फेकूही नका, ते मेलेले नसते. मी त्याच बाटल्यांत चुनखडीचे बारीक खडे घातले. सामू 7च्या वर आला, पाचव्या दिवशी परीक्षानळीतला गुलाबी रंग फिकट झाला आणि आठव्या दिवशी उरला नाही.