सायकलवरून बाजारहाट : या चुका टाळा

सायकलवरून भाजी आणि किराणा घरी आणण्यात अवघड असे काहीच नाही. पुण्यात एकेकाळी दळणाचा डबासुद्धा कॅरिअरवरूनच घरी येत असे. तरीही मंडईतून बाहेर पडणारे नवे सायकलस्वार पाहिले की ठरावीक चुका हटकून दिसतात, आणि त्यांतली एक तर इतकी सर्रास आहे की तिच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे.

ती चूक म्हणजे हँडलला पिशवी अडकवणे. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि कापडी पिशव्या पुन्हा वापरात आल्या, हे चांगलेच झाले. मात्र या पिशव्यांचे बंद लांब असतात, त्यामुळे भरलेली पिशवी खाली लोंबते आणि प्रत्येक पायडलबरोबर झोके घेत पुढच्या चाकाशी खेटते. नुसते कापड चाकात गेले तर फाटण्यावर निभावते; परंतु आत बटाटे किंवा नारळ असतील तर पिशवी स्पोक आणि फोर्क यांच्यामध्ये अडकते आणि धावते चाक जागच्या जागी थांबते.

आमच्या सोसायटीतल्या एका महाविद्यालयीन मुलाने नवी गिअरची सायकल घेतली, तेव्हा कॅरिअर लावून घे असे मी त्याला सांगितले होते. त्याने सायकलची शोभा जाते म्हणून ते टाळले. एका संध्याकाळी तो मंडईत भेटला, तेव्हा हँडलच्या एका बाजूला कांदेबटाटे आणि दुसऱ्या बाजूला दोन नारळ व तेलाची पिशवी अशी त्याची तयारी होती. निदान नारळ तरी पाठीवरच्या सॅकमध्ये टाक, असे मी म्हटल्यावर उत्तर आले, "काका, दहा मिनिटांचा तर रस्ता आहे." बाजीराव रस्त्यावर एक रिक्षा आडवी आली, त्याने हँडल झटक्यात वळवले आणि नारळांची पिशवी थेट चाकात गेली. मागचे चाक उचलले गेले आणि स्वारी हँडलवरून पुढे पडली. हनुवटीला टाके पडले, स्पोक तुटले आणि रिम इतकी वाकली की आउट काढण्याच्या, म्हणजे ताणून सरळ करण्याच्या, पलीकडे गेली. रस्त्यावर सांडलेल्या तेलावर माती टाकायला दुकानदार धावले, ते वेगळेच. दहा मिनिटांच्या रस्त्यासाठी सामान बांधायला दोन मिनिटे देणे या पिढीच्या जिवावर का येते, हे मला उमगलेले नाही.

कॅरिअर घेतानाही घाई नडते. सीटच्या दांडीला एकाच पकडीने कसायचे कॅरिअर पाच मिनिटांत बसते, म्हणून ते खपते. त्याला खालून आधार नसतो; खड्ड्यांतून जाताना वजनाने ते हळूहळू फिरते किंवा घसरत टायरवर टेकते. पाच किलो तांदूळ आणि साखर आणायची असेल, तर ज्याचे पाय मागच्या आसापाशी बोल्टने कसले जातात, असेच कॅरिअर घ्यावे आणि त्यावर कोरलेली वजनाची मर्यादा वाचावी. जड सामान जितके खाली, तितकी सायकल स्थिर राहते. दूधवाले कॅन कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना टांगतात आणि भरल्यावर ३० किलोच्या आसपास जाणारे घरगुती गॅसचे सिलिंडरही तसेच नेले जाते, ते याच कारणाने. आपणही दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या पिशव्या लावाव्यात; फक्त त्या टाचेला लागणार नाहीत इतक्या मागे असाव्यात.

बांधण्यासाठी बाजारात रंगीत हुकांच्या लवचीक दोऱ्या मिळतात. त्यांचा हुक निसटला तर तो डोळ्याच्या दिशेने येतो, म्हणून मी त्या वापरत नाही. पंक्चरच्या दुकानातून जुनी ट्यूब मागून घ्यावी, ती उभी कापून पट्टी करावी आणि कॅरिअरला कायमची गुंडाळून ठेवावी. उरलेले टोक मात्र खोचलेच पाहिजे, कारण लोंबते टोक चेनमध्ये जाते.

हवा कमी ठेवून वजन लादू नये. खड्ड्याची कड लागताच ट्यूब रिमखाली चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. पावसाळ्यात स्टीलच्या ओल्या रिमवर रबरी ब्रेक नीट धरत नाहीत, तेव्हा भरल्या सायकलचा वेग उतारावर आधीच कमी करावा. कांदेबटाटे आधी घ्यावेत, पालेभाजी शेवटी. अंडी कॅरिअरवर कधीही ठेवू नयेत. ती पाठीवरच्या सॅकमध्येच सुखरूप राहतात.

पुष्कळ सामान तर दारात पोहोचल्यावर सांडते. बाजूचे स्टँड डावीकडे असते आणि सायकल त्याच बाजूला रेललेली असते. अशा वेळी डावी पिशवी आधी काढली, तर उजव्या पिशवीच्या वजनाने सायकल उजवीकडे कोसळते. त्यामुळे भरताना डावी पिशवी आधी लावावी आणि उतरवताना उजवी आधी काढावी. स्टँड मातीत रुतत असेल, तर त्याखाली फरशीचा एखादा तुकडा ठेवावा.