कॅपिलरीतली वेळ सरकते, हे मला उशिरा कळलं

दारुहळदीतलं बर्बेरिन हे पिवळं द्रव्य कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसवर, म्हणजे केसासारख्या बारीक नळीत विजेच्या दाबाने रेणू वेगळे करून, मोजायला घेतलं तेव्हा वाटलं होतं, अर्क काढणंच जड जाईल. जड गेलं ते पीकला, म्हणजे आलेखातल्या उंचवट्याला, नाव देणं.

७५ मायक्रोमीटर आतला व्यास आणि ५० सेंटिमीटर लांबी असलेल्या कॅपिलरीत जेमतेम २.२ मायक्रोलिटर मावतं. नमुना त्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढा. इतक्या अरुंद जागेत सगळा खेळ भिंतीचा असतो. सिलिकाच्या भिंतीवर ऋण भार असतो, म्हणून बफर (नळीतलं द्रावण) कॅथोडकडे, म्हणजे ऋण टोकाकडे वाहतो. अर्कातली प्रथिनं, पॉलिफिनॉलं भिंतीला चिकटली की तो भार झाकला जातो, प्रवाह मंदावतो आणि सगळीच पीक उशिरा येतात. मी मात्र पहिल्या दिवशी स्टँडर्ड (शुद्ध बर्बेरिन) चालवून वेळ टिपली आणि पुढे दोन आठवडे त्या वेळेला येईल त्या पीकला बर्बेरिन म्हणत गेले. अर्कात बर्बेरिनचं भावंड पाल्माटिन होतं, जॅट्रोऱ्हायझिनही होतं. सगळ्यांवर धन भार, आकार जवळपास सारखा. शेजाऱ्याचंच क्षेत्रफळ मोजत बसले होते मी.

म्हणून सांगते, वेळेवर विश्वास ठेवू नका. प्रत्येक रननंतर कॅपिलरी धुवा: सोडियम हायड्रॉक्साइड, मग पाणी, मग बफर. नमुन्यात अॅसिटोनसारखा भाररहित मार्कर घाला, तो फक्त प्रवाहाबरोबर वाहतो; त्यावरून प्रवाहाचा वेग वजा करा आणि वेळेऐवजी मोबिलिटी (विद्युतक्षेत्रात रेणू स्वतः किती वेगाने सरकतो ते) लिहा. शेवटी त्याच अर्कात थोडं स्टँडर्ड मिसळून पुन्हा चालवा. तेच पीक उंचावलं तर ठीक. बाजूला खांदा फुटला तर तुमचं नाव चुकलंय. सॉफ्टवेअरची आपोआप नावं देण्याची सोय मी तरी कायमची बंद ठेवते.

सिग्नल फिका दिसला तर घाबरू नका, तुमचा हात वाईट नाही. सिग्नल प्रकाश किती शोषला गेला यावरून मिळतो आणि त्या प्रकाशाला १ सेंटिमीटरच्या क्युवेटऐवजी (नेहमीच्या चौकोनी कुपीऐवजी) ७५ मायक्रोमीटरच वाट मिळते, म्हणजे सुमारे १३३ पट कमी. पण म्हणून नमुना जास्त घालू नका, पीक पसरतात.

मार्गदर्शक निवडताना मी पेपरांच्या यादीपेक्षा एक गोष्ट बघेन: बिघडलेला रन घेऊन गेलं तर ते शेजारी बसून मूळ आलेख बघतात का. मला हे एका सीनिअर ताईंकडून मिळालं. नमुन्यातल्या मेथॅनॉलमुळे बेसलाइनला (आलेखाच्या पायाच्या रेषेला) पडलेला खळगा त्यांनीच दाखवला. मेथॅनॉल भाररहित, म्हणजे मार्कर आयताच होता! मूळ फाइल्स मी पुसल्या नव्हत्या, म्हणून मोबिलिटी नव्याने काढता आली आणि निम्म्याहून जास्त रन वाचले.