जुनी भांडी विकायला काढताय? या चुका टाळा

जुन्या बाजारातून मी एक पितळी लंगडी, म्हणजे पसरट पातेलं, आणली होती, कडेला ठोक्यांनी कोरलेलं नाव आणि साल असलेली. लखलखीत करायची म्हणून थेट मशीन-पॉलिशला दिली. चमकून आली खरी, पण नाव गेलं आणि अंगावरचं मठारकाम, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांची नक्षी, तीही पुसट झाली. बघायला आलेल्या बाईंनी पहिला प्रश्न केला, "नाव नाहीये का हो कुठे?" कुणाच्या तरी लग्नातली खूण मी घासून टाकली होती, याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून बाहेरून चिंच-मीठ किंवा लिंबू लावा, लगेच धुवा, कोरडं पुसा. तेवढं पुरतं.

खरी मेहनत आतल्या बाजूला लागते. पितळी-तांब्याच्या पातेल्याला आतून कल्हई नसेल तर त्यात आमटी, ताक, टोमॅटो असं आंबट काही चालत नाही; धातू अन्नात उतरतो. कल्हई म्हणजे कथिलाचा थर, आणि कथिल 232 अंशांना वितळतं. त्यामुळे असं पातेलं गॅसवर रिकामं तापवलं की थर गोळा होऊन सरकतो. तारेच्या घासणीनेही तो झिजतो. आतून तांबूस-पिवळं दिसायला लागलं की नव्याने कल्हई करून घ्या. पुण्यात असाल तर कसब्यातल्या तांबट आळीत चौकशी करा. ताजी कल्हई नीट बसली नसेल, डाग राहिले असतील, तर बहुतेकदा आधीचा तेलकटपणा निघालेला नसतो. पाणी साठवायच्या तांब्याच्या हंड्या-कळशांना मात्र कल्हईची गरज नाही.

बिडाचा तवा गंजला म्हणून मोडीत घालू नका. निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी यात ठेवा, पण दर अर्ध्या तासाने बघा. रात्रभर राहिला तर आम्ल बीडच खातं. गंज घासून काढा, धुवा, गॅसवर पूर्ण कोरडा करा. मग तेलाचा हात फिरवून फडक्याने जवळजवळ सगळं पुसून घ्या आणि धूर थांबेपर्यंत तापवा. असं तीन-चारदा. तवा चिकट झाला, तर तेल जास्त झालंय असं समजा. साबणाने घासून पुन्हा सुरुवात करा.

ॲल्युमिनियमला धुण्याचा सोडा लावला की ते काळं पडतं. लिंबाच्या साली घालून पाणी उकळा, काळेपणा उतरतो. नॉनस्टिकचा थर उडाला असेल तर ते भांडं विकूच नका.

कुकर पाणी घालून शिट्टी होईपर्यंत तपासल्याशिवाय देऊ नका. कडेने वाफ आली तर रिंग बदला. शिट्टीच होत नसेल तर गॅस बंद करा, कुकर थंड होऊ द्या आणि शिट्टीखालची नळी साफ करा. सेफ्टी व्हॉल्व्ह मूळ कंपनीचाच बसवा. झाकणाची कड वाकलेली किंवा बूड फुगलेलं असेल, तर तो कुकर फक्त मोडीतच द्या, कुणी कितीही पैसे देऊ केले तरी.