पावसात वाळूच्या बेटावर: गरीला गाड्या आणि तंबू घेऊन जाण्याआधी

ताम्हिणीकडे पावसाळ्यात गाडी आडरस्त्याला घातली की चिखल टायरच्या खाचांत भरतो आणि पकड जाते. वाळूचं गणित उलटं आहे. कोरडी वाळू भुसभुशीत असते, चाक खाली ओढते. भिजली की कण एकमेकांना धरतात आणि रस्ता घट्ट होतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडचं गरी बेट (2023 पर्यंत फ्रेझर आयलंड) हे जगातलं सर्वांत मोठं वाळूचं बेट. लांबी 120 किलोमीटरच्या वर, 1992 पासून जागतिक वारसा यादीत. तिथला पावसाळा साधारण डिसेंबर ते मार्च, म्हणजे आपल्या नाताळच्या सुट्टीत नेमका पाऊस. त्या दिवसांत जंगलातले रस्ते बरेचदा सोपे होतात. सांभाळायचं असतं ते किनाऱ्याला येऊन मिळणाऱ्या ओहळांपासून, भरतीपासून आणि ओल्या तंबूपासून.

पुण्यातून निघण्याआधी

आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, मूळ लायसन्सही बरोबर ठेवा. फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी) भाड्याने घेताना करारात ‘वाळूच्या बेटावर नेण्यास परवानगी’ असं लेखी आहे का, ते बघा. बहुतेक साध्या करारांत ती नसते, आणि खाऱ्या पाण्याने झालेलं नुकसान विम्यात धरत नाहीत. गाडीचा प्रवेश परवाना आणि मुक्कामाचा परवाना हे दोन वेगळे. दोन्ही आधी ऑनलाइन काढावे लागतात.

बूट, तंबू आणि खुंट्या घासून धुऊन पूर्ण वाळवा. सिंहगडाची माती बुटाच्या तळाला राहिली, तर ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर तपासणीत अडकाल. खायच्या वस्तू सगळ्या फॉर्मवर जाहीर करा, घरचं लोणचं आणि भाजणीसुद्धा. जाहीर करून फार तर ती वस्तू जाईल, लपवली तर दंड होतो. डाळ, तांदूळ, मसाले ब्रिस्बेनला मिळतात, तिथेच घ्या. गॅसचे डबे विमानात नेता येत नाहीत, तेही तिथेच.

सोसायटीच्या गच्चीवर एकदा जुलैच्या पावसात ताडपत्री बांधून बघा. बेटावर पहिल्यांदा शिकायची ही गोष्ट नव्हे.

हवा

सगळ्यांत महत्त्वाची टायरमधली हवा, आणि लोक नेमका इथेच आळस करतात. डांबरावर 35 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असेल तर इन्स्किप पॉइंटला, बेटावर गाड्या नेणाऱ्या बार्जच्या रांगेत लागायच्या आधी 18 ते 20 वर आणा. हवा कमी केली की टायर रुंद होतोच, पण त्याहून जास्त तो लांबीला पसरतो. वजन मोठ्या जागेवर वाटलं जातं आणि चाक वाळूवर तरंगतं. खूपच मऊ जागा असेल तर 16. त्याखाली फक्त अडकल्यावर सुटण्यापुरतं जायचं, कारण वळताना टायर रिमवरून निसटतो. हवा कमी असताना जोरात वळू नका, वेगही कमी ठेवा. प्रत्येक गाडीत स्वतंत्र गेज आणि कॉम्प्रेसर हवा. तीन गाड्यांत एकच कॉम्प्रेसर असेल तर बारा टायर भरताना तो तापून बंद पडतो.

मऊ वाळू सुरू होण्याआधी फोर व्हील लो (चारही चाकांना जास्त जोर देणारा हळू गिअर) लावा; अडकल्यावर लावून उपयोग नाही. स्टॅबिलिटी कंट्रोल (घसरण रोखणारी यंत्रणा) बंद करा, नाहीतर चाक जरा घसरलं की ते इंजिनाची ताकद काढून घेतं. आधीच्या गाडीच्या चाकोरीत राहा. थांबताना ब्रेक दाबू नका, ॲक्सिलरेटर सोडून गाडी आपोआप थांबू द्या. ब्रेक मारला की चाकांपुढे वाळूचा बांध तयार होतो आणि पुन्हा निघताना गाडी त्यालाच अडते.

किनारा, भरती, ओहळ

पूर्वेचा सेव्हन्टी फाइव्ह माइल बीच हा कायद्याने हमरस्ता आहे. सीटबेल्ट, दारूचे नियम, पोलीस, सगळं लागू. कमाल वेग 80, जंगलातल्या रस्त्यांवर साधारण 30. छोटी विमानंही याच वाळूवर उतरतात, तेव्हा वरही लक्ष असू द्या. समोरून गाडी आली तर कुठल्या बाजूने जाणार ते इंडिकेटरने दाखवा.

भरतीचं वेळापत्रक छापून प्रत्येक गाडीत ठेवा. भरतीच्या आधीचे आणि नंतरचे दोन तास किनाऱ्यावर गाडी नको. समुद्र खवळलेला असेल तर तीन. पोयुंगन आणि यिडनी खडकांपाशी आतून वळसा आहे, तो घ्या. लाटांच्या पाण्यातून गाडी नेणं फोटोत छान दिसतं, पण मीठ ब्रेक आणि चासी (गाडीचा खालचा सांगाडा) खाऊन टाकतं.

पावसानंतर खरा धोका ओहळांचा. ते किनाऱ्याची वाळू कापून उभ्या कडा तयार करतात, कधी गुडघाभर, कधी त्याहून खोल. ढगाळ उजेडात सावली पडत नाही, त्यामुळे अगदी जवळ जाईपर्यंत कड दिसतच नाही. 80 ने त्यात गेलेली गाडी उलटते. पाऊस पडून गेला असेल तर 50 च्या वर जाऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. ओहळ आला की थांबा, एकाने उतरून चालत बघा, मग पहिल्या गिअरमध्ये हळू पार करा. टपावर जड सामान नकोच. गाडी उलटण्याचं ते मोठं कारण आहे.

ताफ्यात पुढच्या आणि मागच्या गाडीत यूएचएफ रेडिओ (गाड्यांनी आपसात बोलायचा वायरलेस) ठेवा. बेटावर फोनची रेंज भरवशाची नाही.

अडकल्यावर

चाक फिरत राहिलं आणि गाडी हलेना, की लगेच पाय काढा. दोन सेकंद जास्त रेस दिली तर चासी वाळूवर टेकते. आधी आपल्याच चाकोरीत मागे घेऊन बघा. नाही जमलं तर चाकांसमोरची आणि पोटाखालची वाळू फावड्याने काढा, हवा अजून 2-3 पीएसआय उतरवा, रिकव्हरी ट्रॅक (पकड देणाऱ्या खाचांच्या फळ्या) चाकांखाली दाबून बसवा. एवढ्यात बहुतेक गाड्या निघतात.

पट्ट्याने ओढायचंच असेल तर दोन्ही गाड्यांच्या रेटेड (ओढण्याचा भार पेलतील अशा) हुकांनाच बांधा. टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) कधीही नाही: तो तुटला तर गोळीसारखा उडतो आणि त्यात माणसं मेली आहेत. पट्ट्याच्या मधोमध ओलं पोतं किंवा जाड गोधडी टाका. बाकी सगळ्यांनी पट्ट्याच्या लांबीच्या किमान दीडपट दूर, बाजूला उभं राहायचं.

तंबू, पाणी, डिंगो

साध्या खुंट्या ओल्या वाळूतून सहज उपटतात. पिशवीत वाळू भरा, दोरी बांधा आणि अर्धा मीटर खोल आडवी पुरा. वादळी वाऱ्यातही धरते. ताडपत्री एका बाजूला उतरती बांधा, पाण्याचा फुगा साठू देऊ नका. नायलॉनची दोरी भिजली की सैलावते, झोपण्याआधी पुन्हा ताणा. तंबूखालचं प्लास्टिक बाहेर डोकावत असेल तर आत दुमडा, नाहीतर तेच पाणी गोळा करून अंथरुणाखाली आणतं.

पिण्या-रांधण्याला माणशी दिवसाला 5 लिटर धरा. बारा जण, चार दिवस म्हणजे 240 लिटर; तीन गाड्यांत सारखं वाटून मागच्या सीटजवळ, खालच्या बाजूला ठेवा. कॅम्पच्या नळाचं पाणी उकळून प्या. पावसात एकाच पातेल्यात होणारं शिजवा: मुगाची खिचडी, पिठलं.

डिंगो म्हणजे तिथले रानकुत्रे, दिसायला आपल्या गल्लीतल्या कुत्र्यासारखे. हीच गफलत होते. बिस्कीट टाकू नका; खायला घालणं गुन्हा आहे, आणि माणसाकडून खायची सवय लागलेला डिंगो पुढे चावतो. सगळं अन्न, उष्टं, कचरा, अगदी टूथपेस्टसुद्धा गाडीत बंद, तंबूत काही नाही. एकट्याने फिरू नका, पळू नका, मुलं हाताच्या अंतरावर ठेवा. 14 वर्षांखालची मुलं असतील तर सेंट्रल स्टेशन किंवा डंडुबारासारखा कुंपणाचा कॅम्प घ्या. समुद्रात पोहायचं नाही, शार्क आणि पाण्याची ओढ दोन्ही आहेत. पोहायला बूरांगूरा तळं आहे, तिथे साबण-सनस्क्रीन लावून उतरू नका.

परतताना

बार्जवरून उतरून मऊ वाळू संपली की डांबरावर जाण्याआधी चारही टायर पुन्हा 35 ला भरा. 18 वर हायवे पकडला तर टायर तापून फुटतो. मग जवळच्या रेनबो बीच गावात गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुऊन घ्या: चासी, ब्रेकच्या मागची बाजू, चाकांच्या कमानी. तंबू ओला गुंडाळला असेल तर ब्रिस्बेनच्या मुक्कामी त्याच संध्याकाळी उलगडून वाळवा.