चर बुजवणं सोडलं, तेव्हा वाट टिकली

येळ्ळूरच्या राजहंसगडाखाली आम्ही चौघं रविवारी सायकलची वाट नीट करतो. एका उतारावर दर पावसाळ्यात वीतभर खोल चर पडायचा. मी दोन वर्षं त्यात जांभ्याचे तुकडे नि माती भरली. पहिल्या वळवातच सगळं खाली. (पाठ मोडली ती वेगळीच.) शेजारच्या शेतातले काका म्हणाले, "पाण्याला वाट दे की रे!"

मग चराच्या वर दहा पावलांवर वाट कुदळीनं पसरट खोलगट केली. निघालेल्या मातीचा खालच्या अंगाला लांबट उंचवटा करून धुमसानं ठोकला, उताराकडची कड मोकळी सोडली. तळही बाहेर कलता ठेवला, मीटरला 5 सेंटिमीटर. यंदा जुलैत पाणी तिथूनच बाहेर गेलं. उंचवट्यावर सायकल जरा उडते, पोरं खूश.