जेवणाच्या हस्तनिर्मित भांड्यांसाठी सुरक्षित ग्लेझ कसे निवडावे

सोलापूरच्या जेवणात चिंचगुळाची आमटी, दही आणि लिंबू पिळलेली कोशिंबीर रोजची आहे. ग्लेझमधील धातू अन्नात उतरवण्याचे काम मुख्यतः आम्ल करते, म्हणून हाताने घडवलेल्या ताटवाटीचे ग्लेझ निवडताना रंगाच्या आधी भांड्याच्या आतल्या बाजूचा विचार करावा.

ग्लेझ ही मातीवर वितळवून बसवलेली काच असते. सिलिकापासून काच तयार होते, ॲल्युमिना तिला घट्टपणा देते आणि द्रावक घटकांमुळे ती भट्टीच्या तापमानाला वितळते. कमी तापमानाच्या ग्लेझमध्ये द्रावक म्हणून पूर्वी सर्रास शिसे वापरत. लहान मुलांच्या मेंदूला शिशाची अल्प मात्राही अपाय करते, त्यामुळे शिशाचे फ्रिटसुद्धा (आधीच वितळवून, थंड करून दळलेली काच) घेऊ नये; बोरॉनयुक्त फ्रिटने तेच काम होते.

खरेदी करताना डब्यावरील मजकूर शब्दशः वाचावा. ‘बिनविषारी’ हा शिक्का बहुधा ग्लेझ हाताळणाऱ्या माणसासाठी असतो. भाजलेल्या वाटीतल्या दह्याविषयी तो काहीही सांगत नाही. ‘जेवणाच्या भांड्यांसाठी योग्य’ असा स्वतंत्र उल्लेख आणि भाजणीचे तापमान, या दोन्ही गोष्टी डब्यावर असायला हव्यात. सुट्या पिशवीतून मिळणारे, घटकांचा पत्ता नसलेले ग्लेझ शोभेच्या वस्तूंपुरतेच ठेवावे.

आतून पारदर्शक किंवा पांढरे चकचकीत ग्लेझ द्यावे आणि रंगाची हौस बाहेरून, काठाच्या दोन बोटे खाली भागवावी, कारण काठाला ओठ लागतात. तांब्याचा गडद हिरवा, मँगेनीजचा काळपट जांभळा आणि कॅडमियमचा लाल-केशरी हे रंग आत नकोत. सगळीच मॅट ग्लेझ वाईट नसतात, पण अर्धवट वितळल्यामुळे मॅट दिसणारे ग्लेझ धातू धरून ठेवत नाही, आणि नुसत्या डोळ्यांना हा फरक कळत नाही.

यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण उत्तम ग्लेझही चुकीच्या भाजणीने असुरक्षित होते. ‘कोन ६’ या भाजणीच्या श्रेणीचे, म्हणजे सुमारे १२२० अंश सेल्सिअसचे ग्लेझ १०५० अंशांना भाजून बाहेर काढले, तर ते नीट पिकत नाही. भट्टीच्या काट्यावर विसंबू नये. प्रत्येक फळीवर भांड्यांशेजारी पायरोमेट्रिक कोन, म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारा छोटा सुळका, ठेवावा आणि तो किती वाकला ते पाहावे. माती आणि ग्लेझ यांचे आकुंचनही जुळायला हवे. ते जुळले नाही तर केसासारख्या बारीक भेगा पडतात. भांड्यावर शाई चोळून पुसली की त्या स्पष्ट दिसतात. माती पाणी शोषणारी असेल, तर अशा भेगांतून आमटी आत मुरते आणि घासूनही निघत नाही.

नमुन्याची वाटी भाजून झाल्यावर तिच्यात लिंबाची फोड रात्रभर ठेवावी. दुसरी वाटी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धी बुडवून तीन दिवस ठेवावी आणि धुऊन, कोरडी करून उजेडात दोन्ही भाग शेजारी पाहावेत. रंग फिकट झाला, चकाकी गेली किंवा बोटाला खरखर लागली, तर ते ग्लेझ आतून वापरू नये. मात्र या चाचण्या फक्त नापास करू शकतात, कारण शिसे रंग न बदलताही उतरते. विक्रीसाठी भांडी करणाऱ्यांनी प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्यावी. तिथे ४ टक्के ॲसेटिक आम्ल भांड्यात २४ तास ठेवून त्यात उतरलेले शिसे आणि कॅडमियम मोजतात.

मातीची गोणी, ग्लेझ किंवा भाजणी यांपैकी काहीही बदलले की सर्व चाचण्या पुन्हा कराव्यात. लोणच्याच्या बरणीची मागणी तर प्रयोगशाळेचा अहवाल हातात आल्याशिवाय स्वीकारूच नये, कारण तिच्यात मीठ आणि आम्ल वर्षभर मुरत राहते.