डोस पुण्यात, बाळंतपण माहेरी: गरोदरपणातील लसींच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवताना या चुका टाळा

पुण्यातल्या गरोदर स्त्रीच्या लसींचा हिशेब बहुधा दोन-तीन ठिकाणी विखुरलेला असतो. टीडीचा, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाविरुद्धच्या लसीचा, डोस महापालिकेच्या दवाखान्यात झालेला असतो, फ्लूची आणि टीडॅपची लस खासगी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेतलेली असते, आणि सातव्या महिन्यात डोहाळजेवण आटोपून ती कऱ्हाडला किंवा बार्शीला माहेरी गेली की बाळाचे वजन, जन्माचा आठवडा आणि जन्मतः काही दोष आहे का ही सगळी माहिती तिथल्या प्रसूतिगृहाच्या फाइलमध्ये पडते. गरोदरपणात दिलेली लस सुरक्षित आहे का, याचे उत्तर मात्र डोस आणि प्रसूती ही दोन्ही टोके जुळली तरच मिळते. लस घेतल्यावर दोन दिवस हात दुखला का, ताप आला का, एवढे विचारून हे काम भागत नाही. आई आणि बाळ अशा दोघांवर काही महिने लक्ष ठेवावे लागते. त्यात होणाऱ्या चुका फार गुंतागुंतीच्या नसतात, पण एकदा झाल्या की नंतर दुरुस्त करणे जवळजवळ अशक्य असते.

माहेरी जाताना अर्धीच फाइल सोबत नेणे

टीडॅप, म्हणजे धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला या तिन्हींविरुद्धची लस, साधारण २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान घेण्याचा सल्ला दिला जातो, कारण आईच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे जन्मापूर्वी बाळापर्यंत पोहोचायला हवी असतात. आपल्याकडे माहेरी जाण्याचा काळ नेमका हाच. त्यामुळे डोस घेऊन चार दिवसांत गाडीत बसलेल्या स्त्रीची पुढची सोनोग्राफी, पुढचा ताप आणि पुढची प्रसूती लस देणाऱ्या डॉक्टरांना कळतच नाही, आणि प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना डोसची कल्पना नसते.

सरकारी केंद्रावर मिळणारे माता व बाल संरक्षण कार्ड, म्हणजे एमसीपी कार्ड, आणि खासगी रुग्णालयाची फाइल या दोन्ही गोष्टी सोबत असल्या पाहिजेत. यू-विन या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर गरोदर मातांच्या लसीकरणाची नोंद होते, तरी खासगी ठिकाणी घेतलेला डोसही तिथे आपोआप चढला असेल असे गृहीत धरू नये. एकदा विचारून घ्यावे. माहेरच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सर्व डोसांच्या तारखा केसपेपरवर उतरवून घ्यायला सांगावे, आणि बाळंतपणानंतर डिस्चार्ज कार्डाचा फोटो पुण्याच्या डॉक्टरांना पाठवावा. त्या कार्डावर बरेचदा ‘एफटीएनडी, स्त्री बालक, २.६ किलो’ एवढीच ओळ असते. दिवस पूर्ण भरून नैसर्गिक प्रसूती झाली हे त्यातून समजते, पण ती ३७व्या आठवड्यात झाली की ४०व्या, हे समजत नाही. आठवडे आणि दिवस लिहून मागायला संकोच करू नये.

‘टीटी दिले’ एवढेच लिहिणे

राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात टीटीची, म्हणजे फक्त धनुर्वाताविरुद्धच्या लसीची, जागा टीडीने घेतली, तरी सवयीने आजही अनेक चिठ्ठ्यांवर ‘टीटी’ लिहिले जाते. टीडीत घटसर्पाचा घटक आहे, टीडॅपमध्ये त्यासोबत डांग्या खोकल्याचाही आहे. पुढे काही त्रास झालाच तर कोणत्या लसीनंतर झाला हे या दोन अक्षरांवरून ठरवता येणार नाही. लसीचे पूर्ण नाव, उत्पादक, बॅच क्रमांक, तारीख आणि कोणत्या दंडावर दिली, एवढे लिहिलेले असावे. खासगी लसींच्या सिरिंजवर किंवा कुपीवर निघणारे स्टिकर असेल तर ते फाइलला चिकटवायला अर्धे मिनिट लागते.

बॅच क्रमांकाचे महत्त्व एका साध्या उदाहरणाने कळते. टीडी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची लस आहे आणि ती गोठली तर निकामी होते. एकाच केंद्रावर काही दिवसांत तीन-चार जणींच्या दंडावर गळू झाले, तर दोष लसीचा, साठवणुकीचा की टोचण्याच्या पद्धतीचा, हे शोधताना पहिला प्रश्न विचारला जातो तो बॅच एकच होती का, हा.

‘सातवा महिना चालू होता’ ही नोंद पुरेशी मानणे

सातवा महिना म्हणजे काहींच्या हिशेबाने २६वा आठवडा, काहींच्या हिशेबाने ३०वा. लसीच्या सुरक्षिततेच्या अभ्यासात हा फरक फार मोठा ठरतो, कारण ३७ आठवड्यांपूर्वी झालेला जन्म अकाली मानला जातो आणि तारीख दोन आठवड्यांनी चुकली की पूर्ण दिवसांचे बाळ कागदावर अकाली ठरते. लसींच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या ब्रायटन कोलॅबोरेशन या आंतरराष्ट्रीय गटाच्या ‘गाया’ या प्रकल्पाने २०१६ आणि २०१७ मध्ये गरोदरपणातील व नवजात बाळांमधील अशा घटनांच्या सामाईक व्याख्या प्रसिद्ध केल्या, त्यांत गर्भाचे वय किती खात्रीने ठरवले आहे याच्याही पायऱ्या दिलेल्या आहेत. शेवटच्या पाळीची खात्रीची तारीख आणि पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफी जुळत असतील तर खात्री सर्वांत जास्त. म्हणून ती पहिली सोनोग्राफी, पुढच्या सगळ्या रंगीत रिपोर्टांपुढे क्षुल्लक वाटली तरी, फाइलमधून काढू नये.

लसीमुळेच झाले अशी खात्री असेल तरच कळवणे

माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान या चुकीने होते. लसीकरणानंतर घडलेली कोणतीही अनिष्ट वैद्यकीय घटना, ती लसीमुळे झाली असो वा नसो, ‘एईएफआय’ म्हणून कळवण्याजोगी असते. कारण ठरवणे हे नंतर तज्ज्ञ समितीचे काम आहे. आई, नातेवाईक, आशाताई किंवा फॅमिली डॉक्टर यांनी ते आधीच उरकून टाकले, तर समितीपुढे जायला काही उरतच नाही. मृत्यू, रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, कायमचे अपंगत्व आणि बाळातील जन्मजात दोष या घटना गंभीर गटात मोडतात. ‘डोस तर दोन महिन्यांपूर्वी झाला होता, आता काय सांगायचे’ हा विचार गरोदरपणात चालत नाही, कारण ज्या परिणामाची चिंता असते तो बहुधा प्रसूतीलाच दिसणार असतो. अर्थात रक्तस्राव, बाळाची हालचाल कमी होणे, तीव्र डोकेदुखी किंवा न उतरणारा ताप असेल, तर आधी रुग्णालय गाठावे आणि फॉर्म नंतर भरावा.

कळवायचे कोठे, यावर पुण्यात हमखास गोंधळ होतो. महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका आणि जिल्हा परिषद यांच्या आरोग्य यंत्रणा वेगळ्या आहेत; हिंजवडीत राहणारी स्त्री वाकडला लस घेते आणि कोथरूडला बाळंत होते, तेव्हा तिने तिन्ही हद्दी ओलांडलेल्या असतात. (हद्दीचा प्रश्न पुण्यात फक्त खड्ड्यांपुरता नसतो.) अशा वेळी जिथे उपचार चालू आहेत तिथल्या डॉक्टरांना कळवावे आणि लस जिथे दिली गेली ते ठिकाण आवर्जून सांगावे. भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्णाला किंवा नातेवाइकालाही थेट माहिती देता येते.

भागाकारात छेद चुकवणे

आपोआप होणारा गर्भपात हा एरवीही दुर्मीळ नसतो. निदान झालेल्या गर्भधारणांपैकी साधारण १० ते २० टक्के गर्भधारणा त्यात संपतात. भारतात २०२० मध्ये सुमारे १३ टक्के बाळे अकाली जन्मली असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. त्यामुळे लस घेतलेल्या शंभर जणींपैकी काहींच्या बाबतीत हे घडणारच. विचारायचे असते ते इतकेच, की अपेक्षेपेक्षा जास्त घडले का.

करोनाच्या काळातील एक उदाहरण नीट पाहण्यासारखे आहे. २०२१ मध्ये अमेरिकेतील एका पाहणीत एमआरएनए लस घेतलेल्या स्त्रियांपैकी ८२७ जणींची गर्भधारणा पूर्ण झाल्याची नोंद होती आणि त्यांपैकी १०४ जणींचा गर्भपात झाला होता. या ८२७ पैकी ७०० जणींनी पहिला डोस तिसऱ्या तिमाहीत, म्हणजे गर्भपाताचा काळ उलटून गेल्यावर, घेतलेला असल्याने ८२७ हा छेद योग्य नव्हता, ही टीका रास्त होती आणि त्या पाहणीच्या लेखात दुरुस्तीही झाली. पण काहींनी ७०० वजा करून १०४ ला १२७ ने भागले आणि ‘८२ टक्के गर्भपात’ असा आकडा समाजमाध्यमांवर फिरवला. ही चूक पहिल्यापेक्षा भयंकर होती. पाहणी अवघी अडीच महिन्यांची होती. आठव्या आठवड्यात डोस घेतलेल्या स्त्रीची गर्भधारणा एवढ्या काळात ‘पूर्ण’ व्हायची तर ती बहुधा गर्भपातानेच, आणि जिचा गर्भ व्यवस्थित वाढत होता ती त्या १२७ मध्ये मोजलीच गेली नव्हती. पुढे गर्भधारणेच्या सुमारास किंवा २० आठवड्यांपूर्वी लस घेतलेल्या २,४५६ जणींचा आठवड्यानुसार हिशेब केला तेव्हा गर्भपाताचा धोका १४.१ टक्के आणि वयाचा फरक जमेस धरून १२.८ टक्के निघाला, म्हणजे नेहमीच्या मर्यादेतच. भारतात गरोदर स्त्रियांना करोनाची लस घेण्यास २ जुलै २०२१ रोजी मान्यता मिळाली, तेव्हा घरोघरी फिरणारा आकडा मात्र ८२चाच होता.

उलट दिशेची चूक लसीच्या बाजूने झुकते, आणि ती कमी लोकांच्या लक्षात येते. ३०व्या आठवड्यात बाळंत झालेल्या स्त्रीला ३२व्या आठवड्याची लस मिळणेच शक्य नसते, म्हणून ती ‘लस न घेतलेल्या’ गटात जाते आणि लस घेतलेल्या गटात अकाली प्रसूती आपोआप कमी दिसते. तुलना करायची ती त्या आठवड्यापर्यंत गरोदर असलेल्या, पण लस न घेतलेल्या स्त्रियांशी.

धोक्याचा संकेत दिसला की एकतर घाबरणे, नाहीतर झटकून टाकणे

टीडॅपच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात गर्भावरणाच्या दाहाचे निदान लस घेतलेल्यांत ६.१ टक्के आणि न घेतलेल्यांत ५.५ टक्के आढळले, पण अकाली जन्म वाढलेला नव्हता. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१२ पासून गरोदर स्त्रियांना डांग्या खोकल्याची लस देऊ लागल्यावर वीस हजारांहून अधिक जणींच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि मृतजन्म वाढल्याचे दिसले नाही. याउलट बाळांच्या श्वसनमार्गाला संसर्ग करणाऱ्या आरएसव्ही विषाणूविरुद्धच्या एका लसीच्या चाचणीत अकाली जन्म ६.८ टक्के आणि तुलनेच्या गटात ४.९ टक्के दिसले; २०२२ मध्ये त्या चाचणीत गरोदर स्त्रियांना लस देणे थांबवले गेले. देखरेख नेहमी ‘सगळे ठीक आहे’ असेच सांगते, हा समज या घटनेने खोटा ठरवला आहे. आरएसव्हीची जी दुसरी लस पुढे मंजूर झाली, ती अमेरिकेत ३२ ते ३६ आठवड्यांतच देण्याची मर्यादा याच चिंतेतून आली.

नकळत घेतलेल्या जिवंत लसीनंतर घाईने निर्णय घेणे

परदेशी शिक्षणासाठी किंवा रुग्णालयातील नोकरीसाठी एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेलाविरुद्धची) अथवा कांजिण्यांची लस घेतली आणि नंतर दिवस गेल्याचे कळले, असे पुण्यात घडते. या जिवंत, म्हणजे कमकुवत केलेला जिवंत विषाणू असलेल्या, लसी गरोदरपणात देत नाहीत आणि त्या घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळायला सांगतात. पण चुकून घेतली गेली एवढ्यावरून गर्भपाताचा सल्ला दिला जात नाही. नकळत रुबेलाची लस घेतलेल्या ज्या गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा झाला, त्यांच्या बाळांत लसीमुळे जन्मजात रुबेलाचा विकार आढळलेला नाही. अशा वेळी लसीची आणि शेवटच्या पाळीची तारीख एकाच कागदावर लिहून स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावी, ती लसीकरण केंद्रालाही कळवावी, आणि प्रसूतीनंतर बाळाच्या डॉक्टरांच्या हाती तोच कागद द्यावा.